लहान गावातील सांडपाणी प्रक्रिया

लहान गावातील सांडपाणी प्रक्रिया म्हणजे ज्या गावात भूमिगत गटारांचे जाळे नाही किंवा अपुरे आहे, अशा गावातील घरांतून बाहेर पडणारे मैलामिश्रित व इतर वापरलेले पाणी निर्धोक करून नदीत, जमिनीत अथवा शेतीत सोडण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात नगरपंचायती, लहान नगरपरिषदा आणि मोठ्या ग्रामपंचायतींची गावे साधारणपणे या वर्गात मोडतात. महानगरातील पद्धत, म्हणजे घरोघरचे सांडपाणी नळांवाटे एका मोठ्या केंद्रात नेऊन तेथे शुद्ध करणे, या गावांना जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे प्रक्रियेचा पहिला टप्पा बहुधा घराच्या परसातील टाकीतच पार पडतो आणि ती टाकी वेळेवर उपसली जाते की नाही, यावर पुढची सारी व्यवस्था अवलंबून असते.

सांडपाण्यासाठी मराठीत ‘वाहितमल’, ‘मलजल’ असे पारिभाषिक शब्द आहेत. टाकीलाही ‘पूतिकुंड’ हा शब्द सुचवला गेला. व्यवहारात मात्र ‘सेप्टिक टाकी’, ‘मैलाटाकी’ आणि ‘शोषखड्डा’ हेच शब्द रूढ आहेत.

सांडपाण्याचे स्वरूप

घरगुती सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या ०.१ टक्क्यात विष्ठा, अन्नकण, तेल, साबण, माती आणि असंख्य सूक्ष्मजीव येतात. घरातून हे पाणी दोन वाटांनी बाहेर पडते. शौचालयाचे पाणी टाकीत जाते. मोरी, न्हाणीघर आणि धुण्याभांड्यांचे पाणी उघड्या गटारात. प्रमाणाने दुसरे कितीतरी अधिक असते, तर रोगजंतूंच्या दृष्टीने पहिले कितीतरी घातक.

गटारव्यवस्था नसलेल्या, पण नळाने पाणी मिळणाऱ्या गावासाठी माणशी दररोज ७० लिटर पाणीपुरवठा धरण्याची भारतात प्रथा आहे. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते, असे मानतात. या हिशेबाने २० हजार वस्तीच्या गावातून रोज सुमारे ११ लाख २० हजार लिटर सांडपाणी निघते. नळाचे पाणी वाढले की सांडपाणीही वाढते. ही साधी गोष्ट पाणीपुरवठा योजना आखताना अनेकदा विसरली जाते; योजना पाणी आणण्याची असते, ते गेल्यावर कोठे जाईल याची नसते.

सांडपाण्याची तीव्रता मोजण्याचे मुख्य मान म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी). पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, हे त्यावरून कळते. ब्रिटनमधील सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात या मानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. घरगुती सांडपाण्यात ही मागणी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात मात्र लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. याचा अर्थ असा, की एक लिटर सांडपाणी सुमारे तीस लिटर स्वच्छ पाण्यातील ऑक्सिजन संपवू शकते. पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी हा भार सोसते. दख्खनच्या पठारावरील लहान नद्या मात्र उन्हाळ्यात डोहाडोहांत उरतात. तेव्हा नाल्यातून येणारे सांडपाणी हाच पुष्कळदा त्यांचा एकमेव प्रवाह असतो. मासे मरतात, पाण्याला वास येतो, आणि त्याच पात्रात पुढच्या गावाची जॅकवेल असते. कावीळ, विषमज्वर, अतिसार आणि पटकी हे रोग या वाटेने पसरतात.

मैलाटाकी आणि शोषखड्डा

बंद टाकीत मैला ठेवला की त्याचा बराच भाग आपोआप द्रवरूप होतो, हे फ्रान्समधील झ्याँ-लुई मुरास यांच्या प्रयोगांतून दिसून आले. त्यांनी १८८१ मध्ये आपल्या टाकीचे स्वामित्व घेतले. ‘सेप्टिक टँक’ हे नाव इंग्लंडमधील एक्झिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांच्या १८९५–९६ मधील टाकीपासून रूढ झाले. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतील मैलाटाक्यांवर १८९७ मध्येच वायू गोळा करण्याची सोय होती. सांडपाण्यातून मिळणाऱ्या इंधनाच्या इतिहासात तिचा उल्लेख नेहमी येतो.

नीट बांधलेल्या टाकीत दोन कप्पे असतात. सांडपाणी तीत साधारण एक ते दोन दिवस थांबते. जड पदार्थ तळाशी बसून त्यांचा गाळ होतो, तेल व हलके पदार्थ वर तरंगून साय धरतात आणि मधले त्यामानाने निवळ पाणी पलीकडच्या नळीतून बाहेर पडते. तळाच्या गाळावर ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू काम करतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. टाकीमुळे ऑक्सिजन मागणी ३० ते ५० टक्क्यांनीच घटते. रोगजंतू तर मोठ्या संख्येने तसेच राहतात. म्हणून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात मुरवावे असा नियम आहे. गावोगावी दिसते ते वेगळेच. टाकीची नळी सरळ रस्त्याकडेच्या गटारात सोडलेली असते आणि घरमालकाच्या लेखी मैल्याची विल्हेवाट तेथेच संपते.

मुरवण्यालाही मर्यादा आहेत. काळी चिकण माती पाणी लवकर शोषत नाही. कातळ तर मुळीच नाही, आणि त्याच्या भेगांतून ते न गाळता थेट विहिरीत पोहोचू शकते. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे पुष्कळ ठिकाणी उपयोगी ठरले आहेत. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी व इतर गावांनी घरोघर असे खड्डे घेऊन उघडी गटारे आणि त्यांबरोबर डासही कमी केले. हा उपक्रम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. मैल्याच्या पाण्यासाठी मात्र खड्डा आणि विहीर यांत पुरेसे अंतर असल्याशिवाय ही पद्धत सुरक्षित नाही.

टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा, अशी शिफारस आहे. गाळ साचत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला न कुजताच वाहून जातो. ‘आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे अभिमानाने सांगणारी घरे गावोगावी भेटतात. हे दिसते तितके भूषणावह नाही. अशा टाकीचा तळ बहुधा बांधलेला नसतो, किंवा तीतील घाण गटारात जात असते. आपली टाकी मोठी असावी म्हणजे पुन्हा तिच्याकडे पाहावे लागणार नाही, या समजुतीने प्रमाणाबाहेर मोठ्या टाक्या बांधल्या जातात, त्याचाही परिणाम हाच.

उपसा

बहुतेक लहान गावांत टाकी तुंबल्यावर, मैला वर येऊ लागल्यावरच गाडी बोलावली जाते. ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर बसवलेली टाकी, निर्वात पंप आणि जाड रबरी नळी असे या गाडीचे स्वरूप असते. एका खेपेत ती साधारण तीन ते पाच हजार लिटर मैला नेते. गाडीवाला खासगी असेल तर पैसे खेपेप्रमाणे घेतो. आणि जवळपास प्रक्रिया केंद्र नसेल तर खेप नाल्यात, पडीक रानात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या शेतात रिकामी होते. त्यासाठी एकट्या गाडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. मैला कोठे टाकावा याचे उत्तर नगरपरिषदेनेच दिलेले नसते.

जेथे गाडी पोहोचत नाही, गल्ली अरुंद असते किंवा गाळ घट्ट झालेला असतो, तेथे माणूस उतरवला जातो. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड कमी प्रमाणात असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास येईनासा होणे हे धोका टळल्याचे लक्षण नसून जवळ आल्याचे असते. झाकण उघडून थोडा वेळ थांबले की वायू निघून जातो, ही समजूतही घातक आहे, कारण गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. पहिला बेशुद्ध पडल्यावर त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा दुर्घटनांचा हा ठरलेला क्रम आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटार वा मैलाटाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये केली. हे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले आणि आजही मरणाऱ्यांत त्याच समाजांतील माणसे अधिक असतात. त्यामुळे यंत्राने आणि ठरावीक मुदतीने उपसा करणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही.

ठरावीक मुदतीच्या उपशाचा हिशेब अवघड नाही. गावात ४,५०० टाक्या असतील आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची असेल, तर वर्षाला १,५०० टाक्या होतात. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला पाच. प्रत्येक टाकीतून सरासरी ४ हजार लिटर गाळ निघाला, तर रोज २० हजार लिटर. दोन गाड्या हे काम सहज करू शकतात. वर सांगितलेल्या ११ लाख लिटर सांडपाण्याच्या तुलनेत हा गाळ दोन टक्केही नाही. पण तो त्या सांडपाण्याच्या अनेक पटींनी तीव्र असतो. घाणीचा सर्वांत घातक भाग अशा रीतीने थोड्या जागेत गोळा झालेला असतो, ही गटारे नसलेल्या गावाची एकमेव सोय म्हणावी लागेल.

मैलागाळावरील प्रक्रिया

उपसलेल्या गाळात घन भाग थोडा आणि पाणी पुष्कळ असते. म्हणून पहिले काम ते दोन वेगळे करण्याचे. खडी आणि वाळूचे थर दिलेल्या उथळ वाफ्यांत गाळ पसरतात. पाणी खाली झिरपते, वरचा थर उन्हाने वाळतो आणि हवामानाप्रमाणे साधारण एक-दोन आठवड्यांत फावड्याने काढता येईल असा होतो. पावसाळ्यासाठी वाफ्यांवर छप्पर लागते. झिरपलेले पाणी स्वच्छ नसते. त्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागते.

वाळलेला गाळ लगेच खत म्हणून वापरणे धोक्याचे आहे. जंतांची अंडी, विशेषतः गोल जंताची, मातीत महिनोन्‌महिने, अनुकूल स्थितीत वर्षानुवर्षेही तग धरतात. गाळ ओल्या कचऱ्यात मिसळून ढीग घातला आणि ढिगाच्या आतील तापमान ५५ अंशांवर काही दिवस टिकले, तर ती मरतात. त्यासाठी ढीग वरखाली करावा लागतो, म्हणजे बाहेरचा गाळही आतल्या उष्णतेत येतो. दुसरा मार्ग अत्यल्प हवेत जाळून कोळसा करण्याचा आहे.

केवळ मैलागाळासाठीचे गावपातळीवरील केंद्र भारतात २०१५ मध्ये कर्नाटकातील देवनहळ्ळी येथे सुरू झाले. ते बहुतांशी गुरुत्वाकर्षणाने चालते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये मैलागाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यानंतर महाराष्ट्रातही अशी अनेक केंद्रे उभी राहिली.

वाई आणि सिन्नर

कृष्णेच्या घाटांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय जेथे आहे त्या वाई गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ हजार होती. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर त्याहून मोठे, सुमारे ६५ हजारांचे. या दोन्ही नगरपरिषदांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने तक्रारीची वाट न पाहता ठरावीक फेरीने टाक्या उपसण्याची पद्धत स्वीकारली. फेरी तीन वर्षांची ठेवली. काम खासगी ठेकेदाराला दिले. घरमालकाने गाडीच्या खेपेचे पैसे द्यायचे नाहीत. खर्च करांतून भागवायचा, अशी रचना केली.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण व्यवस्थेचे मर्म त्यातच आहे. खेपेला पैसे मोजावे लागले की माणूस उपसा लांबणीवर टाकतो. कर आधीच भरलेला असला की दारात आलेली गाडी तो परत पाठवत नाही. ठेकेदारालाही प्रत्येक घरी पैशासाठी घासाघीस करावी लागत नाही, आणि मैला केंद्रावर पोहोचवल्याशिवाय त्याचे देयक निघत नसेल तर तो नाल्यात ओतण्यात त्याचा लाभ उरत नाही.

दोन्ही ठिकाणच्या केंद्रांची क्षमता सारखीच, दिवसाला ७० हजार लिटरची आहे. पद्धत मात्र भिन्न. वाईच्या केंद्रात गाळ वाळवून उष्णतेने त्याचा कोळसा करण्याची पद्धत योजली. सिन्नरला वाळवण्याचे वाफे. यांत्रिक पद्धतीला जागा कमी लागते, परंतु कुशल माणूस आणि सुटे भाग लागतात. वाफ्यांना जागा जास्त लागते. बिघडण्यासारखे त्यांत फारसे काही नसते.

नाल्याच्या पाण्यावरील प्रक्रिया

टाक्या उपसल्या तरी गटारातून वाहणारे पाणी उरतेच. ते नदीला मिळण्यापूर्वी अडवून एका ठिकाणी नेतात आणि तेथे त्यावर प्रक्रिया करतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महानगरांबाहेरील केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक मर्यादेचा आग्रह धरला.

जागा उपलब्ध असेल तेथे सर्वांत साधी पद्धत स्थिरीकरण तलावांची. पहिला तलाव खोल असतो. त्यात गाळ बसतो व कुजतो. दुसरा साधारण दीड मीटर खोलीचा. त्यात शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करते, तो घेऊन जिवाणू घाण खातात आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ वापरते. शेवटचे उथळ तलाव मुख्यतः रोगजंतू मारण्यासाठी असतात: भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड इतका ओढून घेते की पाणी चांगलेच अल्कधर्मी होते, आणि ऊन व अल्कता यांपुढे विष्ठेतील जिवाणू टिकत नाहीत. विजेची गरज जवळजवळ नाही. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (१९७४ पासून ‘नीरी’) भारतीय हवामानातील अशा तलावांवर १९६० च्या दशकात विस्तृत काम केले आणि १९७० मध्ये त्यांच्या बांधणीविषयी मार्गदर्शक ग्रंथ काढला. अडचण एकच: वीस हजारांच्या गावाला काही हेक्टर जागा लागते आणि गावाला लागून असलेली तेवढी सपाट जमीन पुष्कळदा उसाखाली असते.

याहून कमी जागेत वनस्पतींचे वाफे करता येतात. खडी-वाळू भरलेल्या वाफ्यात कर्दळ, देवनळ, पाणकणीस किंवा लव्हाळ्याच्या जातीची झाडे लावून त्यांच्या मुळांमधून पाणी संथपणे वाहू देतात. शुद्धीकरणाचे बरेचसे काम झाडे नव्हे, तर खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात; झाडे वाफा मोकळा ठेवतात व काही नत्र-स्फुरद शोषून घेतात. वाफ्याआधी गाळ बसवणारी टाकी नसेल तर खडी लवकर तुंबते.

यांत्रिक केंद्रांपैकी बहुतेकांचे मूळ ‘सक्रियित गाळ’ या पद्धतीत आहे. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टर येथे ती १९१४ मध्ये मांडली. सांडपाण्यात सतत हवा सोडून जिवाणूंचा गाळ वाढवणे आणि त्यातील काही पुन्हा नव्या पाण्यात मिसळणे, हे तिचे तत्त्व आहे. जागा थोडी लागते, पाणीही उत्तम निघते. पण हवा काही तास बंद पडली की जिवाणू मरू लागतात. भारनियमन, थकलेले वीजदेयक आणि प्रशिक्षित चालकाचा अभाव या तीन कारणांनी लहान गावांतील कितीतरी यंत्रे गंजत उभी आहेत. बांधकामाला शासकीय अनुदान मिळते. ते चालवण्याचा मासिक खर्च मात्र गावालाच उभा करावा लागतो. पद्धत निवडताना प्रथम याच खर्चाचा विचार व्हावा, परंतु निविदेत तो बहुधा शेवटी येतो.

पुनर्वापर

मानवी विष्ठेपासून केलेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ हा जुना शब्द आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले आणि त्यासाठी ‘गोपुरी’ या नावाने ओळखला जाणारा संडास तयार केला. सफाईचे काम एका जातीच्या माथी मारण्याला त्यांचा विरोध होता. खताचा प्रयोग त्या विरोधाचाच भाग होता.

प्रक्रिया केलेल्या पाण्यात नत्र आणि स्फुरद उरतात, म्हणून ते शेतीला उपयुक्त असते. दुष्काळी तालुक्यात तर वर्षभर खात्रीने वाहणारा हाच एक स्रोत असू शकतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना पाणी द्यायचे असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार त्यात लिटरला सरासरी एकापेक्षा अधिक जंताचे अंडे आणि १०० मिलिलिटरला १,००० पेक्षा अधिक विष्ठाजन्य जिवाणू नसावेत. ही पातळी खात्रीने गाठता येत नसेल, तर ते पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी यांना न देता ऊस, कापूस, चारा आणि झाडे यांना देतात, आणि काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडतात. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना जंतांचा धोका या पिकांतही राहतोच. त्यांच्यासाठी गमबूट आणि ठरावीक मुदतीने जंतनाशक गोळ्या देणे हा उपाय सांगितला जातो.